साखळीतील एक कडी : प्रथिनांची रचना आणि त्यांचे कार्य

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव तेथील हनुमान मंदिरामुळे दूरवर परिचित आहे. पिंपळाच्या छायेतील निद्रिस्त मूर्तीच्या दर्शनासाठी मंगळवारी आणि शनिवारी मध्य प्रदेशातून, तसेच विदर्भातूनही भाविकांची रीघ लागते. हनुमान ही बळाची देवता. बळाची ही उपासना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शरीरातील हे बळ नेमके कशात वसते, या प्रश्नाचा शोध मात्र विज्ञानाने गेल्या दीड-दोनशे वर्षांत घेतला. मल्लाच्या दंडातील जोर, बैलाच्या खांद्याची ताकद, धावताना भरून येणारा श्वास, जखम भरून येण्याची क्रिया, तापाशी लढणारी शरीराची शक्ती या सर्वांच्या मुळाशी एकाच वर्गातील पदार्थ आहेत. त्यांनाच प्रथिने असे म्हणतात.

जाम नदीच्या परिसरातील शेतकऱ्याला प्रथिनांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. त्याच्या शेतातील तूर आणि सोयाबीन, घरची ज्वारीची भाकर, गोठ्यातील दूध, कपाशीवरील बोंडअळी आणि गावातील एखाद्या लेकराच्या हातापायांत पुन्हा पुन्हा उठणारी कळ या साऱ्यांचा प्रथिनांशी निकटचा संबंध आहे. हा संबंध नीट उमजल्यास ताटात काय असावे, याचा निर्णय सोपा होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलामुलींची सोयरीक जुळविताना कोणती चौकशी अगत्याने करावी, हेही ध्यानात येते. यास्तव प्रस्तुत लेखात प्रथिनांची रचना, त्यांची कार्ये आणि रचनेतील एका लहानशा चुकीमुळे उद्‌भवणारा सिकलसेल हा आजार, यांचा क्रमाने परिचय करून दिला आहे.

प्रथिन म्हणजे काय?

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३८ मध्ये या पदार्थांसाठी जे नाव सुचविले, ते ‘प्रथम स्थानी असलेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले होते. मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्दही ऐकताच ‘प्रथम’ या शब्दाची आठवण करून देतो. हे अग्रस्थान योग्यच आहे. माणसाच्या शरीरात पाण्याच्या खालोखाल मोठा वाटा प्रथिनांचा असतो.

पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ हे मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनलेले असतात. प्रथिनांत या तिन्हींच्या जोडीला नायट्रोजन असतो आणि बहुधा थोडे गंधकही असते. हवेत चार-पंचमांश भाग नायट्रोजन असला, तरी तो झाडांना अथवा प्राण्यांना थेट वापरता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू तो पिकाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. डाळीत प्रथिने अधिक का असतात, याचे एक प्रमुख कारण हेच होय.

तुरीचे किंवा सोयाबीनचे भरात आलेले रोप हलक्या हाताने उपटून मुळावरील एखादी गाठ नखाने फोडली, तर आत फिकट तांबडा अथवा गुलाबी रंग दिसतो. हा रंग आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन या प्रथिनाच्या भावंडाचा आहे. नायट्रोजन बांधणारे जिवाणूंचे प्रथिन ऑक्सिजनच्या संपर्काने निकामी होते. म्हणून ऑक्सिजन धरून ठेवणारे हे तांबूस प्रथिन गाठीत तयार होते. शेतातील रोप आणि शेतकऱ्याचे रक्त या दोहोंनी ऑक्सिजन सांभाळण्यासाठी एकाच घराण्यातील प्रथिन योजावे, ही गोष्ट सर्व सजीवांमधील नात्याचा पुरावाच म्हटली पाहिजे.

रचनेच्या चार पायऱ्या

प्रत्येक प्रथिन ही एक लांब साखळी असते. या साखळीतील कड्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. जीवसृष्टीतील असंख्य प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या ॲमिनो आम्लांपासून बनलेली आहेत. देवनागरीतील मोजक्याच अक्षरांतून जसे हजारो शब्द तयार होतात, तसाच हा प्रकार आहे. अक्षरांचा क्रम बदलला की शब्द बदलतो. ॲमिनो आम्लांचा क्रम बदलला की प्रथिन बदलते.

कड्यांचा हा क्रम म्हणजे रचनेची पहिली पायरी होय. मधुमेहाशी संबंधित असलेल्या इन्शुलिन या प्रथिनातील ५१ ॲमिनो आम्लांचा क्रम इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विशिष्ट प्रथिनातील क्रम ठरलेला असतो, ही गोष्ट या संशोधनाने निर्विवादपणे सिद्ध झाली.

दुसरी पायरी पिळाची आणि घडीची. वाखाला पीळ दिला म्हणजे दोर होतो, त्याप्रमाणे साखळीचे काही भाग मळसूत्रासारखे पीळ घेतात, तर काही भाग शेजारीशेजारी येऊन घडीच्या कापडासारखे पदर तयार करतात. तिसऱ्या पायरीत ही पिळलेली आणि दुमडलेली साखळी स्वतःभोवती गुंडाळली जाते व तिला ठराविक आकार प्राप्त होतो. काही कड्यांना पाणी मानवते, तर काहींना तेलाप्रमाणे पाण्याचे वावडे असते. पाण्याचे वावडे असलेल्या कड्या सामान्यतः आतील बाजूस दडतात आणि पाण्याशी सख्य असलेल्या बाहेर राहतात. चौथ्या पायरीत अशा दोन, चार किंवा अधिक साखळ्या एकत्र जुळून एक पूर्ण प्रथिन सिद्ध होते. ही चौथी पायरी सर्वच प्रथिनांत असते असे नाही.

या विषयात भारतीय संशोधनाचा वाटा मोठा आहे. हाडे, कातडी आणि स्नायूंचे कंडरे यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनात तीन साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफलेल्या असतात, ही कल्पना मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडली. प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणे घेता येतात आणि कोणती घेता येत नाहीत, हे दाखविणारा रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला आलेख जगभरातील प्रयोगशाळांत आजही वापरला जातो. कड्यांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार संगणकाच्या साहाय्याने ओळखण्याचे कामही आता पुष्कळसे साध्य झाले असून २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच क्षेत्रातील संशोधनाला देण्यात आले.

आकार बिघडला म्हणजे काय होते, हे स्वयंपाकघरात रोज पाहावयास मिळते. अंड्यातील पातळ, पारदर्शक बलक-वेष्टन, म्हणजेच पांढरा भाग, उकळत्या पाण्यात घट्ट व अपारदर्शक होतो. उष्णतेने त्यातील प्रथिनांच्या गुंडाळ्या सुटतात आणि सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. कड्यांचा क्रम तोच राहिला, तरी आकार गेला आणि त्याबरोबर मूळचे कार्यही गेले. उकडलेल्या अंड्यातून पिलू निघत नाही. प्रथिनांच्या अभ्यासातील मुख्य सूत्र हेच की, कड्यांच्या क्रमावर आकार अवलंबून असतो आणि आकारावर कार्य.

प्रथिनांची कार्ये

पहिले कार्य बांधणीचे. केस, नखे, शिंगे आणि लोकर ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. भंडारा-गडचिरोलीकडील टसर रेशीम हेही प्रथिनच. स्नायूंमध्ये दोन प्रकारचे प्रथिनतंतू एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखडतो. नांगर ओढणाऱ्या बैलाचे सारे बळ अशा कोट्यवधी सूक्ष्म तंतूंच्या सरकण्यातून निर्माण होते.

दुसरे कार्य शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणण्याचे. हे काम करणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावण्याची रीत अनेक घरांत आहे. पपईच्या चिकात प्रथिने तोडणारे विकर असते आणि तेच हे काम करते. आपल्या जठरात व आतड्यांत अशीच विकरे अन्नातील प्रथिनांच्या साखळ्या तोडून कड्या सुट्या करतात.

तिसरे कार्य संरक्षणाचे. रोगजंतू शरीरात शिरल्यास त्यांच्या पृष्ठभागाला नेमकी बसतील अशी प्रतिपिंडे तयार होतात. तीही प्रथिनेच असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांतही मुख्यत्वे प्रथिने असतात. घोड्याला अशा विषाची अत्यल्प मात्रा टप्प्याटप्प्याने दिली म्हणजे त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांपासूनच सर्पदंशावरील लस बनविली जाते. विषातील प्रथिनाला धरून ठेवणारा आकार या प्रतिपिंडांपाशी असतो. तो मंत्रात अथवा झाडपाल्यात नाही. म्हणून सर्पदंश झालेल्या व्यक्तीस वेळ न दवडता दवाखान्यात नेणे हाच खरा उपाय होय.

कुलपाला किल्ली बसावी तसे प्रथिनांचे हे आकार एकमेकांत बसतात, याचे आणखी एक उदाहरण कपाशीच्या शेतात आहे. भारतात २००२ मध्ये ज्या बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली, तिच्यात मातीतील एका जिवाणूचे प्रथिन तयार होते. बोंडअळीच्या आतड्यातील विशिष्ट जागी ते चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाच्या आतड्यात तशी जागा नसते. पुढे गुलाबी बोंडअळीतील ज्या अळ्यांमध्ये ही जागाच बदललेली होती त्या जगल्या व त्यांची वंशवृद्धी झाली. कुलूप बदलले आणि किल्ली निरुपयोगी ठरली. बांधालगत बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याची शिफारस का केली जात होती, याचा उलगडा यावरून होईल. साध्या अळ्याही काही प्रमाणात टिकून राहाव्यात आणि बदललेल्या अळ्यांचा वंश एकदम वाढू नये, हा तिचा उद्देश होता.

चौथे कार्य निरोप पोचविण्याचे. इन्शुलिन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. पाचवे कार्य वाहतुकीचे. फुप्फुसांतील ऑक्सिजन शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोचविण्याचे काम हीमोग्लोबिन करते. त्याची हकीकत पुढे सविस्तर येणारच आहे.

ताटातील प्रथिने

अन्नातील प्रथिन जसेच्या तसे शरीराचा भाग होत नाही. पचनक्रियेत त्याच्या कड्या सुट्या होतात आणि त्या कड्यांपासून शरीर स्वतःला हवी ती साखळी ओवते. २० ॲमिनो आम्लांपैकी ९ अशी आहेत की, ती शरीराला तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. ओवताना त्यांपैकी एकही कमी पडले, तर बाकीची असूनही काम अडते.

ज्वारी, गहू, तांदूळ या तृणधान्यांत लायसीन हे आवश्यक ॲमिनो आम्ल कमी असते. डाळींत लायसीन भरपूर असते. परंतु गंधकयुक्त मेथिओनीन कमी असते. भाकरीबरोबर तुरीचे वरण घेतले म्हणजे एकीची उणीव दुसरीने भरून निघते. भात-वरण आणि खिचडी यांचेही मर्म हेच आहे. तिळात मेथिओनीन चांगल्या प्रमाणात असल्याने भाकरी-वरणाच्या जोडीला तिळाची चटणी असणे हितावह आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ॲमिनो आम्लांचे नाव ऐकले नव्हते. त्यांनी बसविलेली ताटाची मांडणी मात्र शास्त्राच्या कसोटीस उतरते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना यापेक्षा अधिक, तर वाढत्या मुलांना वजनाच्या मानाने अधिक प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम आणि सोयाबीनमध्ये ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात.

सोयाबीन हे या भागातील हक्काचे पीक. परंतु बाजारात विकण्यापुरताच त्याचा विचार केला जातो. ते घरी वापरावयाचे असल्यास एक दक्षता घ्यावी. कच्च्या सोयाबीनमध्ये आपल्या पाचक विकराला अडविणारे एक प्रथिन असते. सोयाबीन भिजवून नीट उकडले किंवा भाजले म्हणजे उष्णतेने त्या प्रथिनाचा आकार मोडतो आणि अडथळा दूर होतो. नंतर ते वाळवून गव्हाबरोबर दळल्यास पोळीतील प्रथिने वाढतात.

घरातील उत्तम घास कर्त्या पुरुषाच्या ताटात आणि उरलेसुरले सुनेच्या व मुलींच्या ताटात, ही प्रथा या दृष्टीने घातक आहे. गर्भातील बाळाची सर्व प्रथिने मातेच्या ताटातून येतात, हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

एक कडी बदलते तेव्हा

आहार कितीही चांगला असला, तरी साखळी ओवण्याचा क्रम शरीराला जनुकांतून मिळतो आणि जनुके आईवडिलांकडून येतात. त्या क्रमातच चूक असेल, तर अन्नाने ती दुरुस्त होत नाही. मध्य भारतातील हजारो कुटुंबांना हा अनुभव सिकलसेलच्या रूपाने आलेला आहे.

हीमोग्लोबिन चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यांतील दोन अल्फा साखळ्यांत प्रत्येकी १४१ आणि दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी १४६ ॲमिनो आम्ले असतात. प्रत्येक साखळीत लोहाचा एक अणू असतो व त्याला ऑक्सिजन चिकटतो. एका तांबड्या रक्तपेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. १४६ पैकी एकच कडी बदललेली असते. परंतु ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवते आणि व्हॅलीनला पाण्याचे वावडे असते. हीमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की, पृष्ठभागावरील हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या एका खळगीत जाऊन बसते. मग एकामागून एक रेणू जोडले जाऊन त्यांचे लांब, ताठर दांडे तयार होतात. एरवी बशीसारखी मऊ, लवचिक असलेली तांबडी पेशी या दांड्यांमुळे विळ्यासारखी वाकडी व कडक होते. ‘सिकल’ म्हणजे विळाच.

अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त सतत कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. प्लीहेला इजा झाल्याने जंतुसंसर्ग लवकर होतो. गर्भातील बाळाचे हीमोग्लोबिन निराळ्या प्रकारचे असल्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही लक्षणे दिसत नाहीत. मूल पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर ती दिसू लागतात. कारण ठाऊक नसल्यामुळे अशा वेळी नजर लागली, बाधा झाली असे समजून मौल्यवान काळ दवडला जातो.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या आजारातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. हा आजार हीमोग्लोबिनच्या रेणूतील दोषाचा आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. दोष नेमका एका ॲमिनो आम्लाचा आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये सिद्ध केले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये १९५२ मध्ये या दोषाची नोंद झाली आणि मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पाहण्यांत गोंड, प्रधान, माडिया आदी आदिवासी समाजांप्रमाणेच विदर्भ व मध्य प्रदेशातील इतर अनेक समाजांतही हा दोष आढळला. तो कोणत्याही एका जातीचा नाही. ज्या प्रदेशांत पूर्वी हिवतापाचा जोर होता, तेथे तो अधिक दिसतो; कारण ज्यांच्यात असे एकच जनुक असते, त्यांना हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही अंशी संरक्षण मिळते.

वारसा आणि सोयरीक

बीटा साखळीचे एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून येते. दोन्ही सदोष असल्यास व्यक्ती रुग्ण असते. एकच सदोष असल्यास ती वाहक असते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. शेतीची कामे करते, शिकते, नोकरी करते. तिला स्वतःला बहुधा काहीच कळत नाही, आणि अडचण येथेच आहे.

वाहक आणि निर्दोष अशा जोडप्याचे कोणतेही मूल रुग्ण होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता शंभरात २५, वाहक असण्याची ५० आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. एक रुग्ण आणि दुसरा वाहक असेल, तर निम्मी शक्यता रुग्ण मुलाची असते. एक रुग्ण व दुसरा निर्दोष असल्यास सर्व मुले वाहक होतात, रुग्ण एकही होत नाही.

या हिशेबावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, रुग्ण मुलाचा दोष एकट्या आईच्या माथी मारणे अज्ञानाचे व अन्यायाचे आहे. असे मूल जन्मते तेव्हा सदोष जनुक दोन्ही घराण्यांकडून आलेले असते. दुसरी ही की, वाहक व्यक्तीचे लग्न थांबविण्याचे काहीही कारण नाही. दोन वाहकांनी एकमेकांशी विवाह करताना पूर्ण विचार करावा, एवढेच पुरे आहे.

जामसांवलीच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु येथील मराठी कुटुंबांच्या सोयरिकी सावनेर, काटोल, नरखेड, वरूड येथे पूर्वापार होत आल्या आहेत. मुलगी एका राज्यात तपासली जाते आणि मुलगा दुसऱ्या राज्यात. जनुकाला राज्याची सीमा नसते. त्यामुळे तपासणीचा कागद सोयरिकीबरोबर सीमेपलीकडे गेला पाहिजे.

तपासणी व उपचार

मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२१ रोजी राज्याच्या सिकलसेल मोहिमेचा आणि १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. राष्ट्रीय मोहिमेत १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले असून २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो संपविण्याचा संकल्प आहे.

बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते. विद्राव्यता चाचणीत दोष आढळल्यास व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम दुसरी तपासणी आवश्यक असते. म्हणून पहिल्या अहवालाने घाबरून जाऊ नये आणि दुसरी तपासणी टाळूही नये. दोघेही वाहक असलेल्या विवाहित जोडप्याने गरोदरपणाच्या अगदी प्रारंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी करण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध असते.

रुग्णांसाठी उपचार आहेत. भरपूर पाणी पिणे, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम टाळणे, लसीकरण पूर्ण करणे, फॉलिक आम्लाच्या गोळ्या नियमित घेणे या साध्या गोष्टींचा मोठा उपयोग होतो. रुग्ण बालकाला ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील प्रकारचे हीमोग्लोबिन वाढते आणि वेदनेचे प्रसंग कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. या आजारातील रक्ताची कमतरता पेशी लवकर नष्ट झाल्याने येते, त्यामुळे लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. जनुकात बदल करणाऱ्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अतिशय खर्चिक आहे. आज गावपातळीवर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे विवाहापूर्वीची रक्ततपासणी हाच होय.

शाळा आणि ग्रामपंचायत यांनी काय करावे?

हा पाठ शिकविताना शिक्षकांना फारशा साहित्याची गरज नाही. कोमट दुधात लिंबू पिळून दूध फाटताना दाखवावे. शेतातून आणलेल्या मुळांवरील गाठी फोडून आतील गुलाबी रंग मुलांना पाहू द्यावा. रंगीत मण्यांची माळ ओवून सहाव्या मण्याचा रंग बदलावा आणि एका कडीचा परिणाम समजावून सांगावा. वाहक-वाहक जोडप्याचा हिशेब दोन नाणी उडवून मुले स्वतःच करू शकतात. दोन्ही नाण्यांवर छापा पडला तर मूल रुग्ण, एकावरच पडला तर वाहक असे मानून शंभर वेळा नोंद घेतली, तर २५ आणि ५० या आकड्यांच्या जवळपासची संख्या मिळेल.

ग्रामसभेत वर्षातून एकदा, शक्यतो १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाच्या सुमारास, तपासणीची माहिती वाचून दाखवावी. आशा कार्यकर्तीने कुटुंबाचे कार्ड लसीकरणाच्या कार्डाइतकेच जपून ठेवण्यास सांगावे. जामसांवलीसारख्या जेथे दोन्ही राज्यांतील लोक येतात अशा ठिकाणी तपासणी केंद्रांची माहिती देणारा मराठी आणि हिंदी फलक लावल्यास ती दूरवर पोचेल. दर्शनाला आलेल्या माणसाच्या श्रद्धेला त्यामुळे कोणताही बाध येत नाही. आजारी मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना दवाखान्याची वाट मात्र कळते.

लग्नाची बोलणी करताना कूळ, शेती, नोकरी आणि पत्रिका यांची चौकशी होतच असते. तिच्यात रक्ततपासणीच्या कार्डाची भर घालण्यास खर्च येत नाही. बैठकीत हा विषय प्रथम काढण्याचे धैर्य मुलाकडील वडीलधाऱ्यांनी दाखवावे व स्वतःच्या मुलाचे कार्ड आधी पुढे ठेवावे, म्हणजे मुलीकडील मंडळींना संकोच वाटणार नाही.